भिंतीवरच्या चित्राकडे कला म्हणून पाहा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र राज्य

महोदय,

उड्डाणपुलाच्या खांबावर कुणी रातोरात चित्र काढले की सकाळी दोनच प्रश्न निघतात: परवानगी होती का, आणि पुसायचे कुणी? चित्र चांगले आहे का, हे कुणीच विचारत नाही. तो प्रश्न तुमच्या खात्याने विचारावा, म्हणून हे पत्र.

मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा १९९५चा कायदा राज्यात आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा हवाच. गडांच्या दगडावर नावे कोरणाऱ्यांची तर मुळीच गय करू नका. २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा आपले आहेत आणि तिथला ओरखडा भरून येत नाही. पण परवानगीवरून चित्राचा कस ठरत नाही. २००९मध्ये मुंबईत तुळशी पाइप रोडलगतच्या लांबलचक भिंतीवर लोकांनी रीतसर परवानगीने चित्रे काढली. काहींपुढे पाय थांबत, काही अगदीच सामान्य होती. परवानगी मात्र सगळ्यांना सारखीच होती.

ग्रॅफिटीचा, म्हणजे भिंतींवर स्प्रेने रंगवलेल्या अक्षरांचा नि चित्रांचा, जीव अक्षरात असतो. अक्षर ताणायचे, वाकवायचे, एकातून दुसरे काढायचे, आणि तरी आपल्या हाताची ओळख सुटू द्यायची नाही. स्प्रेचा डबा किती अंतरावर धरला, हात कुठे क्षणभर रेंगाळला, त्यावर रेघेची धार आणि ओघळ ठरतात. खोडून पुन्हा काढायला सवड नसते. देवनागरीत तर शिरोरेषा, वेलांट्या, जोडाक्षरे असा केवढा ऐवज पडला आहे! सुलेखनाच्या प्रदर्शनात आपण ज्या अक्षरांपुढे थबकतो, त्यांचीच ही रस्त्यावरची भावंडे. फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचे हात रिकामे झाले. ते कसब आज कुठे उरले असेल तर या भिंती रंगवणाऱ्या मुलांकडे. वारली चित्रेही आधी भिंतीवरचीच. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणल्यावर आपल्याला त्यांची थोरवी दिसली.

कला मानण्याला कायद्यातही वजन आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले ब्राँझचे भित्तिशिल्प सरकारने १९७९मध्ये उतरवले, त्यात ते मोडले. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलावंताला परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. शिल्प सरकारच्या मालकीचे, तरी ते बिघडवण्याचा अधिकार सरकारला नाही, असा त्याचा अर्थ. चोरून काढलेल्या चित्राला हे संरक्षण मिळेल असे मी म्हणत नाही. पण पालिकेनेच बोलावून काढून घेतलेल्या चित्रांवर उद्या न विचारता चुना फिरू नये, एवढे तरी यातून घ्यावे.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक महापालिकेला काही भिंती मोकळ्या जाहीर करायला लावा. तिथे चित्राचा नमुना आधी मंजूर करून घेण्याची अट नको. रंगवणाऱ्याची सही राहू द्या. पुसायची वेळ आलीच तर त्याला आधी कळवा आणि छायाचित्र सरकारी संग्रहात ठेवा. राज्य कला प्रदर्शन भरवणारे कला संचालनालय तुमच्या खात्याखाली येत नाही हे ठाऊक आहे, तरी त्या प्रदर्शनात या कामाला स्वतंत्र विभाग मिळावा यासाठी तुम्ही शब्द टाकावा. आणि पारखायला बसणाऱ्यांत एक तरी जण रस्त्यावर चित्रे रंगवणारा असावा.

आपला,
मुंबईचा एक रहिवासी