कशातला पहिला?

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

पत्र मुद्दाम उघड लिहितोय. तुम्हाला एकटीला लिहिलं असतं, तर ‘अहो, आमचं कामच आहे ते’ म्हणून तुम्ही ते खणात टाकलं असतं. चारचौघांत तसं करता येणार नाही.

मुलांसाठी कार्टूनच्या इतिहासावर छोटी पुस्तिका लिहीत होतो. तुमच्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात आलो तो फक्त एका तारखेची खात्री करायला. दहा मिनिटांचं काम, असा माझा हिशेब. बाड टेबलावर ठेवून मी कपाटाकडे वळलो आणि तेवढ्यात तुम्ही पहिलं पान वाचून काढलंत. त्यावर छातीठोकपणे लिहिलं होतं : ‘१९३७ सालचा डिस्नेचा स्नो व्हाइट हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट.’ तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलंत, ‘कशातला पहिला?’

खरं सांगतो, रागच आला होता. हे वाक्य मी लहानपणापासून वाचत आलो होतो. तुम्ही वाद घातला नाहीत. अ‍ॅनिमेशनचे इतिहासकार जानआल्बेर्तो बेंदात्सी यांचं ‘कार्टून्स’ हे जाडजूड पुस्तक काढलंत, मागची सूची उघडलीत, बोट खाली नेत नेत एका नावावर थांबलात आणि त्या पानात कागदाची पट्टी सारून पुस्तक माझ्यापुढे केलंत. नाव होतं किरीनो क्रिस्तियानी. इटलीत जन्मलेला, लहानपणी आईवडिलांबरोबर अर्जेंटिनात गेलेला हा माणूस. १९१७ साली त्याने कागदी कापीव आकृत्या हलवून राष्ट्राध्यक्ष इरिगोयेन यांच्यावर पूर्ण लांबीचा विडंबनपट बनवला. म्हणजे स्नो व्हाइटच्या वीस वर्षं आधी. त्याच्या प्रती पुढे आगीत जळाल्या. ज्याला पहिलेपणाचा मान, तो चित्रपट आज कुणालाच पाहता येत नाही! बेंदात्सींनी म्हाताऱ्या क्रिस्तियानीला शोधून काढलं आणि १९८३ साली त्याच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी क्रिस्तियानी गेला. थोडा उशीर झाला असता, तर आपल्या हाती काय उरलं असतं, हा विचार मी त्या दिवशी घरी जाताना करत होतो.

त्याच पुस्तकात लॉट्टे रायनिगर भेटल्या. काळ्या कागदाच्या छायाकृती कात्रीने कापून त्यांनी जर्मनीत केलेला प्रिन्स आखमेद हा चित्रपट १९२६चा. तो मात्र आजही पाहता येतो. माझं वाक्य मग असं झालं : ‘स्नो व्हाइट हा सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर, रंगवलेला, अमेरिकेत बनलेला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट.’ मुलांच्या पुस्तिकेला एवढी शेपटी चालेल का, असं संपादकांनी विचारलंच. चालवून घेतली.

ज्या तारखेसाठी आलो होतो, तीही याच चित्रपटाची. एका पुस्तकात १९३७, दुसऱ्यात १९३८. मला वाटलं, कुणीतरी चुकलंय. तुम्ही म्हणालात, ‘दोन पुस्तकं भांडायला लागली की कोण खरं ते आधी विचारू नका. दोघं कशाबद्दल बोलतायत ते विचारा.’ लॉस एंजेलिसमधला पहिला खेळ २१ डिसेंबर १९३७चा आणि सगळीकडच्या चित्रपटगृहांत तो लागला फेब्रुवारी १९३८मध्ये. दोन्ही पुस्तकं बरोबर होती. बावळट मीच.

त्यानंतर माझ्या बाडातल्या प्रत्येक ‘पहिल्या’वर संक्रांत आली. विन्झर मॅके या अमेरिकन व्यंगचित्रकाराची गर्टी ही डायनासोर १९१४ची. तिला मी पहिलं कार्टून म्हटलं होतं. डॉनल्ड क्राफ्टन यांचं ‘बिफोर मिकी’ तुम्ही पुढे ठेवलंत आणि फ्रान्सच्या एमिल कोल यांचा १९०८चा फॅन्टास्मागोरी समोर आला. खुद्द मॅकेचेच गर्टीआधीचे दोन चित्रपट निघाले. पण त्या नादात एक फार सुंदर गोष्ट कळली. गर्टीच्या वेळी पारदर्शक सेलची पद्धत रुळलेली नव्हती. त्यामुळे मागचा डोंगर, दगड, पाणी हे सगळं दर चित्रात नव्याने काढावं लागे. हलायची गर्टी, आणि मेहनत डोंगराची! चित्रपट नीट पाहिला तर मागच्या रेषा थरथरताना दिसतात. मी तो कितीदा तरी पाहिला होता, ती थरथर मात्र पुस्तक वाचल्यावर दिसली.

बोलक्या कार्टूनचंही तेच. मिकी माऊसचा नोव्हेंबर १९२८चा स्टीमबोट विली पहिला, असं मी ठोकून दिलं होतं. अमेरिकेतल्या फ्लायशर बंधूंनी १९२४पासूनच गाण्यांची कार्टून काढली होती आणि त्यांतल्या काहींना ध्वनीची जोड होती. पडद्यावरच्या शब्दांवर चेंडू उड्या मारायचा आणि प्रेक्षक त्याच्याबरोबर गायचे. पॉल टेरी यांचा डिनर टाइमसुद्धा विलीच्या काही आठवडे आधीचा. विलीचं मोठेपण याने कमी होत नाही. चित्र आणि आवाज इतके एकजीव करून लोकांना वेड त्यानेच लावलं. फक्त ‘पहिला’ हा शब्द काढावा लागला, आणि गंमत म्हणजे परिच्छेद सुधारला.

पुस्तक मागून वाचायची सवय ही तुमची दुसरी देणगी. मायकल बॅरियर यांचं ‘हॉलिवूड कार्टून्स’ १९९९चं, पण त्यामागे कित्येक वर्षं जमवलेल्या मुलाखती आहेत. प्रत्यक्ष चित्रं काढणाऱ्यांशी बोलून लिहिलेलं पुस्तक. त्याच्या टिपाच मी आधी वाचल्या. कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, कागद काय सांगतो, सगळं तिथे आहे. त्यांची मतं कधी कधी इतकी कडक की आवडत्या कार्टूनबद्दल वाचताना जिवाला लागतं. लेनर्ड मॉल्टिन यांचं ‘ऑफ माइस अँड मॅजिक’ त्यामानाने गप्पिष्ट. एकेका स्टुडिओला एकेक प्रकरण आणि शेवटी चित्रपटांच्या याद्या. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं. तुम्हीही मला आधी तेच दिलं होतंत.

त्या याद्यांना मी पूर्वी नाकं मुरडायचो. नुसती नावं आणि साल, यात वाचायचं काय? तुम्ही मला वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओच्या ‘ब्लू रिबन’ पुनर्प्रदर्शनांबद्दल सांगितलंत. १९४३पासून जुनी कार्टून निळी फीत लावून पुन्हा चित्रपटगृहांत पाठवली गेली. तसं करताना सुरुवातीच्या मूळ पाट्या कापून टाकल्या, आणि दिग्दर्शक, अ‍ॅनिमेटर, लेखक यांची नावं त्यांच्याबरोबर गेली. आधीच त्या पाट्यांवर सगळ्यांची नावं नसायची. चौघापाच अ‍ॅनिमेटरांनी काम केलं, तरी पाळीपाळीने एकाचंच नाव यायचं. मग जेरी बेक आणि विल फ्रीडवाल्ड यांनी १९८९मध्ये वॉर्नरच्या एकूण एक कार्टूनची नोंद पुस्तकात आणली, ती यादी कसली? कापलेली नावं परत शिवणं आहे ते.

एवढं सगळं तुम्ही खुर्चीवरून उठत, बसत, इतर वाचकांना चिठ्ठ्या लिहून देत केलंत. संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत म्हणून माझ्यासाठी पुस्तकं एका बाजूला ठेवायचात, माझ्या खुणेच्या पट्ट्या तशाच राहू द्यायचात. एकदा मी दुपारी आलोच नाही, तर दुसऱ्या दिवशी ‘काल क्राफ्टन वाट बघत होते’ एवढंच म्हणालात.

पुस्तिकेची प्रत सोबत पाठवतोय. पाहिल्यावर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवणार, हे ठाऊक आहे. मजकूर मी दहादा तपासला, पण चित्राखालच्या ओळी शेवटच्या घाईत गेल्या आणि एकीत ‘स्टीमबोट विली : मिकीचा पहिला चित्रपट’ असं छापून आलंय. तुमच्या प्रतीत मी ते पेन्सिलीने खोडून बाजूला लिहिलंय : ‘बनवलेला तिसरा, प्रदर्शित झालेला पहिला.’

आपला,
खिडकीजवळच्या टेबलावरचा वाचक