माळावर झाडे लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाच्या बातम्या सुरू होतात. झाडे लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मोकळ्या माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावली की तिथले काय मरते, हेही कुणीतरी बोलले पाहिजे.

माळढोक हा माळावर राहणारा मोठा, जड पक्षी. त्याची मादी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला, बहुधा एकच अंडे घालते. चहूबाजूंनी दूरवरचे दिसत असेल तरच ती तिथे टिकते. झाडे वाढली की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीची जागा मिळते आणि मादीची नजर अडते. नराचेही तेच. पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून, शेपटी उभारून तो मादीला बोलावतो, ते लांबून दिसेल अशा माळावरच. धाविक, तणमोर हे पक्षी, तसेच लांडगा, खोकड यांनाही जंगल नको, गवत हवे.

माळढोकासाठी सोलापूरजवळचे नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! गावेच्या गावे आणि पिकती शेते त्यात अडकली, जमिनीचे व्यवहार अडले आणि राग निघाला तो पक्ष्यावर. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले, ते योग्यच झाले. पण तोवर ज्वारी-करडईच्या रानांत ऊस शिरला होता. नाकतोडे वेचायला माळढोक ज्या रानांत उतरायचा, ती रानेच राहिली नाहीत. आता नान्नजला एखादी मादी दिसली तरी बातमी होते.

देशात १९६९ च्या सुमारास साधारण १,२६० माळढोक होते असा अंदाज आहे. आज दीडशेही नाहीत. उरलेले बहुतेक राजस्थानात, आणि तिथे ते विजेच्या तारांवर आदळून मरतात. डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरचे नीट दिसत नाही, आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, तो २०२४ मध्ये सैल केला. जैसलमेरच्या प्रजनन केंद्रांत पिल्ले जन्मत आहेत, हा मोठा दिलासा. पण ती वाढवून सोडायची कुठे? माळ शिल्लक हवा ना!

चित्ताही गवताळ रानांतलाच. तो देशातून संपल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणावा लागला. माळढोक असा आणता येणार नाही. पाकिस्तानातले मोजके सोडले तर तो जगात दुसरीकडे नाहीच.

म्हणून वन विभागाला आणि ग्रामपंचायतींना विनंती आहे: यंदाच्या लागवडीच्या याद्यांतून सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतले माळ आणि गवताळ गायराने वगळा. झाडे रस्त्याकडेला लावा, बांधावर, शाळेच्या आवारात लावा. आणि मेंढपाळांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या चराईला सरसकट बंदी घालण्याआधी, गवत किती आणि कधी चरू द्यायचे हे त्यांनाच विचारा.

आपला,
एक वाचक, सोलापूर