मुखवटा उलटा करून पाहा

महोदय,

तीस वर्षे गोव्यातल्या फोंड्यात दिवाळीला जाळायच्या नरकासुराची तोंडे रंगवतो आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो. गेल्या आठवड्यात किनाऱ्याकडच्या एका दुकानात शिंगांचा, सुळ्यांचा मुखवटा पाहिला. खाली चिठ्ठी होती: 'प्राचीन जपानी. घरातली भूतबाधा घालवतो.' किंमत १८ हजार. नवीनच लग्न झालेल्या एका जोडप्याने माझ्यादेखत पैसे मोजले.

तो 'हान्न्या'चा मुखवटा होता. नोह या जपानच्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकातली ही मत्सराने राक्षसी झालेली बाई. समोरून संतापलेली दिसते, मान खाली घातली की रडवेली. भूतबाधा हाकलायच्या विधीतले जपानी मुखवटे वेगळे. पूर्वी तिथल्या राजवाड्यात वर्षअखेरीला 'त्सुइना' हा विधी व्हायचा. चार सोनेरी डोळ्यांचा मुखवटा चढवून होसोशी, म्हणजे हा विधी करणारा, भाला-ढाल घेऊन रोगराईच्या भुतांना हुसकायचा. क्योटोच्या योशिदा देवळात सेत्सुबुनला, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला, हा विधी आजही होतो. त्याच सुमारास घरोघरी कुणीतरी ओनी, म्हणजे राक्षस, बनतो आणि पोरे त्याच्यावर भाजलेले सोयाबीन फेकत 'ओनी बाहेर, भाग्य आत' असे ओरडतात. आपण मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढतो, त्यातलाच प्रकार.

मी तो मुखवटा मागून घेतला आणि उलटा केला. नोहचा वापरातला जुना मुखवटा हिनोकी या जपानी झाडाच्या लाकडाचा असतो. आत छिन्नीचे घाव, कपाळ टेकते तिथे घामाने काळवंडलेले, दोरीच्या भोकांच्या कडा झिजलेल्या. पुढचा पांढरा थर शिंपल्यांच्या बारीक पुडीत सरस मिसळून चढवतात. आपल्याकडे शिंपल्यांचा चुना भिंतींना लावायचे, ती पांढराई ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो थर लगेच ओळखू येईल. दुकानातल्या मुखवट्याच्या आत साच्यातली गुळगुळीत राळ होती, एक बुडबुडा फुटलेला. दोरीला भोकेच नव्हती! हा कधी माणसाच्या तोंडावर चढलेलाच नाही. मी हे दाखवले, पण दुकानदाराने त्या जोडप्याचे पैसे परत केले नाहीत.

विक्रेत्यांनी चिठ्ठीवर 'नवा, शोभेचा' असे लिहावे. शोभेचा म्हणूनही घेणारे घेतील.

दुसरी विनंती आपल्याच लोकांना. पेरणी जागरातले, म्हणजे गोव्यातल्या पेरणी समाजाच्या मुखवटे घालून करायच्या खेळातले, देव-दैत्यांचे, पशुपक्ष्यांचे जुने लाकडी मुखवटे ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ते विकायला म्हणून धुऊ-घासू नयेत, वर नवा ऑइल पेंट मारू नये. आतला घामाचा डाग तर मुळीच पुसू नये. कोणाला ते कसे ठेवायचे हे विचारायचे असेल, तर मी सांगायला तयार आहे. पैसे नकोत.

— नरकासुर रंगवणारा एक वाचक, फोंडा