जिमी होगन यांच्यावरही लिहा

महोदय,

युरोपीय फुटबॉलवर आपल्याकडे आता भरभरून लिहिले जाते, पण त्यात जिमी होगन हे नाव क्वचितच दिसते, याची खंत वाटते. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या नेल्सन गावचे होगन १९१२ मध्ये ऑस्ट्रियाच्या फुटबॉलचे सूत्रधार ह्यूगो माइस्ल यांच्या बोलावण्यावरून व्हिएन्नाला प्रशिक्षक म्हणून गेले. पहिले महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना अटक झाली. पुढे हंगेरीतल्या बुडापेस्टच्या एमटीके क्लबने त्यांना आपल्याकडे घेतले. बाहेर युद्ध चालू असताना त्यांनी तिथल्या कोवळ्या पोरांकडून चेंडूवरचा ताबा आणि जमिनीलगतचे आखूड पास घोटून घेतले. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले, तेव्हा हंगेरीच्या फुटबॉल महासंघाचे प्रमुख शांदोर बार्च यांनी त्याचे श्रेय जाहीरपणे होगन यांना दिले! स्वतः होगन त्या दिवशी प्रेक्षकांत होते.

इटलीतल्या जेनोआ क्लबला घडवणारे इंग्लिश प्रशिक्षक विल्यम गार्बटही असेच. इटलीत प्रशिक्षकाला आजही ‘मिस्टर’ म्हणतात, ती सवय त्यांच्यापासून लागली असे मानले जाते.

क्रीडा पानावर या माणसांसाठी एखादा रविवार जरूर द्यावा, ही विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर