मागच्या सीटला चुकीच्या बाजूचा सीट बेल्ट बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: मागच्या डाव्या सीटचा बेल्ट बदलताना उजव्या बाजूचा पार्ट बसवल्याबाबत आणि तो बदलून देण्यास सर्व्हिस सेंटरने दोनदा टाळाटाळ केल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीची गाडी आम्ही सहा वर्षं वापरतो आहोत आणि आजवर आपल्याला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. आताही आली नसती, पण आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मला दोनदा "मॅडम, चालवून घ्या" असं ऐकवण्यात आलं. सीट कव्हर असतं तर चालवून घेतलंही असतं.

आधी आमची चूक सांगते. मागची सीट पाडून आम्ही सायकल नेली होती. सीट परत उभी करताना डावीकडचा पट्टा मागे राहिला आणि खटक्यात सापडला. सीट नीट बसेना म्हणून आम्ही आणखी जोर लावला आणि पट्ट्याची कड कातरली गेली. चीर नखाएवढीच, पण कडेची वीण सुटून धागे बाहेर आलेले. तेव्हा वॉरंटीत बदलून द्या, असं मी कधीच म्हटलं नाही. पूर्ण पैसे भरून नवा पट्टा मागितला.

त्यावर काउंटरवरच्या सल्लागारांनी पट्टा दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाले, "एवढ्यासाठी अख्खी असेंब्ली कशाला? बाहेरून दोन टाके मारून घ्या." हे आपल्या कंपनीचा गणवेश घातलेला माणूस सांगत होता. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी १६वा नियम सीट बेल्टचा आहे. त्यानुसार पट्टा ताणाखालीसुद्धा किमान ४६ मिलिमीटर रुंद राहिला पाहिजे आणि साधारण दीड टन वजनाइतका ओढा त्याने तुटल्याशिवाय सोसला पाहिजे. हे बळ सगळ्या धाग्यांनी मिळून पेलायचं असतं. कड कापली गेली की ताण नेमका चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि फाटत जातं, कापड फाडताना आधी कात्रीने कड कापतात तसं. टाके मारायचे म्हणजे शाबूत धाग्यांतही सुईची भोकं पाडायची. मी टाके मारून घेतले नाहीत. पार्टची ऑर्डर नोंदवली आणि पाच आठवडे थांबले.

गेल्या महिन्यात पट्टा बसवून मिळाला. गाडी घरी आणली, मुलीने पट्टा ओढला आणि तो वीतभर येऊन अडकला. सोडला, पुन्हा ओढला, पुन्हा अडकला. मी ओढून पाहिला, तीच गत. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेले तर उत्तर मिळालं, "नवीन आहे, हळू ओढा, वापरून सैल होईल. लॉक होणं हे तर सेफ्टी फीचर आहे." पट्टा आचका बसल्यावर लॉक होतो, हे मलाही माहीत आहे. गाडी जागच्या जागी उभी, मुलगी निवांत बसलेली, मग आचका कुठून आला?

उत्तर आम्हाला योगायोगाने मिळालं. एकदा जागा नव्हती म्हणून गाडीची डावी चाकं फुटपाथवर चढवून उभी केली होती. मुलीने सवयीने पट्टा ओढला आणि तो सरसर पूर्ण बाहेर आला. गाडी खाली सपाटीवर घेतली, पट्टा पुन्हा अडला. आम्ही तीन वेळा चढवून-उतरवून पाहिलं. (शेजाऱ्यांना काय वाटलं असेल ते जाऊ द्या.) पट्टा ज्या डब्यातल्या रिळावर गुंडाळला जातो, त्या रिट्रॅक्टरमध्ये एक गोळी किंवा लंबक असतो. गाडी जोरात थांबली किंवा कलली की तो सरकतो आणि रीळ अडवतो. वर सांगितलेल्या १६व्या नियमाप्रमाणे रिट्रॅक्टर बसवलेल्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कलला तर लॉक होता कामा नये आणि २७ अंशांपलीकडे गेला तर झालाच पाहिजे. म्हणजे तो ठरलेल्या कोनातच बसायला हवा, आणि म्हणूनच डावी-उजवीकडचे पार्ट वेगळे असतात. आमच्या गाडीत तो कायमचा तिरका बसलेला आहे. गाडी उलट्या बाजूला कलली तेवढ्यापुरती गोळी जागेवर आली.

मग आम्ही टॉर्च घेऊन पट्ट्यांची लेबलं वाचली. पट्टा खाली जिथे बोल्टने बॉडीला पक्का केलेला असतो, तिथे ती शिवलेली असतात. उजवीकडच्या मूळ पट्ट्यावर आणि डावीकडच्या नव्या पट्ट्यावर पार्ट नंबर एकच आहे, शेवटच्या अक्षरासकट. बिलावर मात्र डाव्या बाजूचा, वेगळा नंबर छापलाय. दोन्ही लेबलांचे फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

हे सगळं घेऊन मी दुसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरला गेले. फोटो पाहून सल्लागार थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, खोका डावीकडचाच आला होता, आमची चूक नाही, परत मागवला तर पुन्हा तेवढेच आठवडे जातील, तोपर्यंत चालवून घ्या. एका मुलाने तर पट्टा पूर्ण ओढून वर क्लिप लावून देतो म्हणून सांगितलं, म्हणजे "अडकायचा प्रश्नच नाही". त्याचा हेतू वाईट नसावा. पण क्लिप लावलेला पट्टा अंगावर ढिला राहतो. गाडी थांबते तेव्हा माणूस तेवढं अंतर वेगाने पुढे जातो आणि मग पट्ट्यावर आदळतो. ज्या सेंटरमध्ये पट्टे बसवले जातात तिथे हे कोणाला ठाऊक नसावं, याची मला पार्टपेक्षा जास्त काळजी वाटते.

१९५९ साली नील्स बोलिन या अभियंत्याने व्होल्वो कंपनीत तीन ठिकाणी पक्का होणारा पट्टा तयार केला, तो कोणालाही एका हाताने लावता यावा म्हणून. आमच्याकडे सध्या एकाने गाडी कलवायची आणि दुसऱ्याने पट्टा ओढायचा, असं चाललंय. यात विनोद आहे, पण आम्ही हसण्याच्या मनःस्थितीत नाही. घरात पाच माणसं आहेत. मागच्या मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा आहे आणि मुलांना उंच बसवणाऱ्या बूस्टर सीटला खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच. त्यामुळे दोन मुलांपैकी एकालाच घेऊन निघता येतं. सासूबाईंच्या तपासणीला जायचं तर कोणाला घरी ठेवायचं हे आदल्या रात्री ठरवावं लागतं.

माझं म्हणणं असं आहे. डाव्या बाजूची योग्य असेंब्ली प्राधान्याने मागवून पार्ट आणि मजुरी दोन्हींचे पैसे न घेता बसवून द्यावी, आणि बसवल्यावर गाडी सपाटीवर उभी करून माझ्यासमोर पट्टा ओढून दाखवावा. अँकर बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळल्याची नोंद जॉब कार्डवर हवी. पार्ट येईपर्यंत पर्यायी गाडी द्यावी किंवा ती का देता येत नाही, ते लेखी कळवावं. आणि खोक्यावर डावा नंबर पण आत उजवा पट्टा, हे खरं असेल तर त्या खेपेतले बाकीचे खोके कुठे गेले तेही आपण पाहावं. हे सेंटरच्या हातात नाही, म्हणूनच पत्र थेट आपल्याला लिहिते आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मला ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावं लागेल.

एक सांगायचं राहिलं. पट्टा बसवून गाडी घरी आल्यावर मागच्या पायदानात एक वॉशर सापडला. तो त्या बोल्टचा आहे की आणखी कशाचा, हे आपल्या माणसांनीच सांगावं. लिफाफ्यात घालून ठेवलाय, गाडी आणीन तेव्हा सोबत आणते.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिल व जॉब कार्डची प्रत, दोन्ही लेबलांचे फोटो, कातरलेल्या जुन्या पट्ट्याचा फोटो