खदानीवर गुलमोहर लावून कुरण होत नाही

मा. संपादक,
स. न.

बंद खदान हिरवीगार झाल्याची कालच्या अंकातली बातमी वाचली. फोटो चष्मा पुसून दोनदा पाहिला. पुढे गुलमोहराची रोपं आहेत आणि मागे जे हिरवं दिसतं ते सगळं गाजरगवत आहे, पांढरी फुलं स्पष्ट ओळखू येतात. बातमीत त्याला कुरण म्हटलंय. जनावर त्याला तोंड लावत नाही. बातमीदाराने गावातल्या एखाद्या गुराख्याला विचारलं असतं तर त्याने लगेच सांगितलं असतं.

आमच्या गायरानातला मुरूम महामार्गाच्या भरावाला गेला, तेव्हा मी रोज तिथे जात होतो. पहिल्याच दिवशी जेसीबीने वरची वीतभर माती खरवडली आणि मुरमातच कालवली. त्या मातीत पवन्या, डोंगरी या चाऱ्याच्या गवतांचे ठोंब होते, बी होतं. ती बाजूला ढीग करून ठेवा, काम संपलं की वर पसरा, एवढंच मी मुकादमाला विनवत होतो. तो म्हणाला, ‘काका, डंपर उभा राहिला तर भाडं तुम्ही देणार का?’ माती गेली, उभ्या कडांचा खड्डा राहिला. त्याच पावसाळ्यात कडेची चार पाती ओढायला गेलेली आमची गाभण गाय त्यात पडली. पुढचा पाय मोडला. आठ माणसांनी दोर लावून तिला वर काढलं, तिसऱ्या दिवशी ती गेली. पंचनाम्याला कोणी आलं नाही. ठेलारी मेंढ्या घेऊन आले, खड्ड्याकडे बघत त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, ‘आते कोठे चारसू, भाऊ?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चाऱ्यायोग्य करावी, खर्च खाणपट्टाधारकाने करावा आणि ही अट पट्ट्यातच घालावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी सांगितलं आहे. न्यायालयाने गवत म्हटलंय, झाडं मोजायला सांगितलेलं नाही. मुरूम गौण खनिज आहे म्हणून आमच्या खदानी यातून सुटता कामा नयेत. खनिज गौण असो की मोठं, गाईला गवत लागतंच.

हे काम अवघड नाही, पण क्रमाने करावं लागतं. आधी कडा उतरत्या करायच्या, मग आडवे चर काढायचे, म्हणजे पाणी आणि माती दोन्ही थांबतात. मुरमाड जागी पवन्या आणि डोंगरी, खाली गाळ साचतो तिथे मारवेल. बी शेण-मातीत कालवून मृगाआधी टाकायचं. दोन पावसाळे चराई बंद ठेवायची, नंतर आधी विळ्याने कापून न्यायचं आणि मगच गुरं सोडायची. कुसळी गवत आपोआप येतं, पण ते फुलायच्या आत चारावं लागतं, नाहीतर कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत आणि गुरांच्या तोंडात रुततात. झाडं लावायचीच असतील तर अंजन, हिवर, बोर लावा. अंजनाचा पाला गुरं आवडीने खातात आणि ते खडकाळ जमिनीतही तग धरतं. हे शिकायला लांब जायला नको, धुळ्याजवळ लळिंगचं कुरण आहे.

आणखी एक. कडब्याचे भाव तुम्ही छापायचे बंद केलेत. गायरान गेल्यावर आम्ही कडबा विकतच घेतो. ते भाव पुन्हा सुरू करा, ही विनंती.

दिवाळीनंतर झोडलेलं पवन्याचं दोन पोती बी माझ्या घरी आहे. ज्या ग्रामपंचायतीला बंद खदानीवर टाकायचं असेल तिने मृगाआधी फुकट घेऊन जावं. दोन वर्षं तिथे जनावर सोडणार नाही, एवढं मात्र ठरावात लिहून आणावं.

आपला,
एक वाचक, ता. साक्री, जि. धुळे