तिसरा मजला पासष्टीच्या आत सोडावा

महोदय,

लग्नानंतर भाड्याची खोली, मुलाच्या शाळेसाठी वन बीएचके, मुले मोठी झाली की टू बीएचके, इथवरचे बेत घरोघरी आखले जातात. पुढचा बेत मात्र कुणी आखत नाही. डोंबिवली, ठाणे, पुण्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत सत्तरी ओलांडलेली जोडपी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतात. घर बदलायचा विषय निघतो तो खुब्याचे हाड मोडल्यावर. ते पासष्टीच्या आत, दोघेही धडधाकट असताना बदलावे.

खरी अडचण कागदांची असते. दोघांपैकी एक गेले की नॉमिनी मालक होतो, हा समज चुकीचा आहे. सहकार कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार त्याला सोसायटीचे तात्पुरते सभासदत्व मिळते; मालकी वारसांचीच. मग विक्रीसाठी सगळ्या वारसांच्या सह्या आल्या. मुलगी परदेशी असेल तर तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येते आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. म्हणून दोघे असतानाच मूळ करारनामे (आधीच्या मालकांचेसुद्धा), इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट काढून बघावे. सर्टिफिकेटवर नाव चढवायचे राहिले आहे, हे अनेकदा सौदा ठरल्यावरच कळते.

नवे घर बघताना टेप न्यावी. साधी व्हीलचेअर 25-26 इंच रुंद असते. बाथरूमचे दार चौकटीच्या आत तेवढे भरते का? सहा माणसांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावत नाही, हेही आधीच पाहावे. गाव किंवा शहरच बदलणार असाल तर आधी तिथे 11 महिने भाड्याने राहा, जुने घर लगेच विकू नका.

विक्रीच्या नफ्यातून दोन वर्षांत दुसरे घर घेतले तर करसवलत मिळते. पण विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर झाले नाही, तर उरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन खात्यातच ठेवावी लागते. साध्या एफडीत ठेवून सवलत गमावणारे बरेच आहेत.

आणि ज्यांना जिना उतरणेच आता शक्य नाही, त्यांच्यासाठी नोंदणी कायद्याच्या कलम 31 मध्ये सोय आहे: सबळ कारण असल्यास दुय्यम निबंधक घरी येऊन दस्त नोंदवू शकतात. ही सोय प्रत्येक नोंदणी कार्यालयाने दर्शनी फलकावर, अर्ज कुणाकडे करायचा यासह, ठळक मराठीत लावावी.

– एक वाचक, डोंबिवली